एबीएस असेल तर ब्रेक पंप करू नका

पावसाळी घाटप्रवासाचा एक मेसेज फिरतोय: ‘गाडीसमोर अचानक काही आलं तर ब्रेक सोडून-सोडून दाबा, नाहीतर चाकं लॉक होतील.’ जुन्या, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाड्यांना हे लागू होतं. पण एप्रिल 2019पासून आपल्याकडे नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. ती यंत्रणा सेकंदाला अनेकदा ब्रेक स्वतःच सोडते-धरते. आपण पंप केलं तर उलट थांबायला जास्त अंतर लागतं. ब्रेक पूर्ण दाबून ठेवा आणि स्टिअरिंग सांभाळा. पायाखाली पेडल थरथरतं, खरखर आवाज येतो. नेमके तिथेच अनेकजण दचकून पाय काढतात! तो बिघाड नव्हे. गाडीचं मॅन्युअल उघडा, हेच लिहिलेलं सापडेल. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.