बारा महिन्यांत न्याय

सीमाभागातल्या माणसाला फॉर्मचं भय नसतं. शेताचा उतारा कानडीत, लग्नाची पत्रिका मराठीत आणि कोर्टाची नोटीस इंग्रजीत, असं तिन्ही भाषांत घाबरून घाबरून आमची भीड चेपलेली असते. त्यामुळे डिजिटल हक्कांच्या कोर्टकामासाठी एक परदेशी संस्था अनुदान देतेय, अर्ज तेवढा ऑनलाइन भरायचा, असं कळल्यावर मी लगेच लॅपटॉप उघडला.

आमची संस्था म्हणजे बेळगावातली एक खोली, दोन-तीन वकील आणि वकीलकाका. काकांनी सनद घेतली तेव्हा 'डेटा' हा शब्दच गावात नव्हता. आमच्याकडे लोन ॲपवाल्यांनी पार मेहुण्याच्या सासऱ्यापर्यंत फोन केलेली पोरं येतात. कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या संशयास्पद यूपीआय पेमेंटमुळे खातं गोठलेले दुकानदार येतात. आणि निपाणीच्या मावशी येतात. मावशींनी जन्मभर विड्या वळल्या. पानं आणि तंबाखू हाताळून बोटं इतकी गुळगुळीत झालीत, की रेशन दुकानातलं यंत्र त्यांना ओळख देत नाही. त्या अंगठा पदराला पुसतात, परत टेकवतात, यंत्र लाल होतं. मागची बाई म्हणते, "मावशी, जरा दाबून ठेवा की!" मावशी दाबतात. यंत्र परत लाल.

अर्जाची सुरुवात पत्त्यापासून. आमचा ट्रस्ट 2014 च्या आधीचा, म्हणून कागदावर बेळगाव, पॅनकार्डावर बेलगाम आणि बँकेत बेळगावी. तिन्ही एकच गाव आहे, हे पटवायला वेगळं प्रतिज्ञापत्र. मग 'राज्य' नावाची यादी उघडली. काका मागे उभे होते. मी 'कर्नाटक'वर टिचकी मारली तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. 1956 पासूनचा प्रश्न मी एका क्लिकमध्ये सोडवला होता.

उत्तरं स्थानिक भाषेतही चालतील, अशी उदार सूचना होती. खरं अक्षरमर्यादा होती. ती पेटी काना वेगळा मोजते, वेलांटी वेगळी मोजते, जोडाक्षर केलं तर मोडलेल्या पायाचंही एक अक्षर धरते. मावशींची कहाणी अर्ध्यात आली तोवर पेटी भरली. शेवटी इंग्रजीतच लिहिलं.

पुढे चार रकान्यांचा तक्ता. कार्य, फलित, परिणाम, प्रभाव. मावशींना रेशन मिळालं तर ते यातल्या कुठल्या रकान्यात टाकायचं, म्हणून काकांना विचारलं. ते म्हणाले, "मिळू दे तरी आधी."

परदेशी पैसा घ्यायचा म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांवरचा कायदा, आलाच. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षांची हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. एवढे असते तर आम्ही मागायला कशाला आलो असतो? प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत. आमच्याकडे झेरॉक्सच त्याच्या वर जाते. आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यात उतरणार. म्हणजे आम्ही मुंबईचे की बेंगळुरूचे हे अजून ठरतंय, आमचा पैसा मात्र थेट दिल्लीचा.

सगळ्यात गोड भाग पुढेच. 2020 च्या दुरुस्तीनं पदाधिकाऱ्यांचं आधार सक्तीचं केलं. म्हणजे आधारच्या जाचाविरुद्ध लढायला पैसे हवेत ना, मग आणा सगळ्यांचे आधार. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं आधारऐवजी पासपोर्टही चालेल असं सांगितलं. मोठा दिलासा! आमच्या विश्वस्तांचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास पंढरपूर.

एवढं सगळं रेटून नेलं असतं. घोडं अडलं ते एका साध्या प्रश्नावर: 'बारा महिन्यांअखेर कोणता मोजता येणारा बदल घडलेला असेल?'

काका आधी हसले, मग खोकले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये सांगितलं, ती याचिका 2012 ची. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी तुरुंग दाखवणारं आयटी कायद्याचं कलम 66ए 2015 मध्ये रद्द झालं, तरी पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले आणि 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाला त्याचं आश्चर्य वाटलं. म्हणजे जिंकल्यावरही सहा वर्षं बदल मोजायला मिळाला नाही. आणि ज्या गावाचा सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्या गावाला हे बारा महिने विचारतात!

"काका, काहीतरी आकडा टाकायलाच पाहिजे. त्याशिवाय पान पुढं सरकत नाही."

"दोन टाक."

"दोन काय?"

"तारखा. बारा महिन्यांत दोन पडल्या तर नशीब."

मी दोन टाकला. पान सरकलं. पुढचा प्रश्न आला: 'अनुदान संपल्यावर काम कसं चालू ठेवाल?' काकांनी चष्मा पुसला, पिशवी उचलली आणि दारातून म्हणाले, "आत्ता चालूलालंय तसंच, म्हणून लिही. आणि मावशींना सोमवारी बोलव, वकालतनाम्यावर अंगठा पाहिजे."