बिल भरण्याआधी बिल वाच: नाशिकच्या मालेगाव स्टँडच्या कट्ट्यावरून

विषय बाळ्यानेच काढला. मंडळाकडे वर्गणीतले पैसे उरलेत, तर वस्तीत ज्यांना लाइट कापायची नोटीस आलीय त्यांची बिलं मंडळाने भरून टाकायची आणि गल्लीच्या तोंडाला मोठा फ्लेक्स लावायचा. कोणाचा फोटो वर, कोणाचा खाली, हेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

"बिलं पाहिलीस का?" शरदभाऊंनी विचारलं. भाऊ वायरमन, अर्ध्या पंचवटीचे मीटर त्यांना तोंडपाठ.

"बिलात काय पाहायचं भो? खाली रक्कम असते, ती भरायची."

"रक्कम शेवटी बघायची. आधी चालू रीडिंग, मागील रीडिंग, आणि मीटरवर आज काय दिसतंय ते. माणसं दिवसभर कामावर, दाराला कुलूप, मग तीन-चार महिने अंदाजे बिल येतं. चौथ्या महिन्यात खरं रीडिंग लागतं आणि एकदम 320 युनिट. ते एकाच महिन्याचे धरले तर पहिले 100 स्वस्त, पुढचे 200 जवळपास दुप्पट दराने, वरचे 20 त्याहून महाग. चार महिन्यांत वाटले तर महिन्याला 80, म्हणजे सगळेच्या सगळे पहिल्या स्लॅबमध्ये. तू न वाचता भरलंस तर त्या बाईचे हक्काचे पैसे गेले."

"आणि दुरुस्ती होईपर्यंत कापली तर?" सर म्हणाले. सरांना प्रत्येक गोष्टीत आधी अडचण दिसते.

"वीज कायदा 2003, कलम 56. लेखी नोटीस आणि पुरते 15 दिवस द्यावेच लागतात. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरायची. वाद मिटेपर्यंत कापता येत नाही. अर्ज दोन प्रतींत, सोबत मागची सहा बिलं आणि मीटरचा फोटो. मीटर नंबर आणि रीडिंग एकाच फोटोत आलं पाहिजे. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. लोक इथेच फसतात, तोंडी सांगून येतात."

बाळ्याने खिशातून एक कागद काढला. "हे बघा, हिची तर दोन-दोन बिलं थकलीत."

भाऊंनी कागद उलटसुलट पाहिला. "हे बिल नाही, सुरक्षा ठेवीची मागणी आहे. महिन्याच्या सरासरी बिलाच्या दुप्पट ठेव लागते, कमी पडली की वेगळी मागणी येते. सहा हप्त्यांत भरता येते, त्यावर व्याजही मिळतं. हेही थकबाकी म्हणून भरणार होतास?"

"फुकट दिलं की सवय लागते," सर म्हणाले. "त्यापेक्षा सोलर घ्या म्हणावं, सरकार पैसे देतंय."

"दारिद्र्यरेषेखालच्या घराला 1 किलोवॅटसाठी स्वतःचे अडीच हजार लागतात, हे खरं. पण शंभरेक चौरस फूट छत कुठून आणायचं? पत्रा, तोही मालकाचा."

इतका वेळ चहाची गाळणी झटकत असलेल्या टपरीवाल्या वहिनी आता बोलल्या. "बाळूभाऊ, आमच्या वाड्यात मीटर एक आणि बिऱ्हाडं तीन. मालक सबमीटरवर युनिटला बारा रुपये घेतो. माझं बिल तुम्ही कोणाच्या नावाने भरणार?"

बाळ्या गप्प. यादीत भाडेकरू एकही नव्हता. खरी अडलेली घरं तर हीच.

"त्याच कायद्याचं कलम 43," भाऊ म्हणाले. "मालकालाच नाही, राहणाऱ्यालाही जोडणी मागता येते. भाडेकरार करून घ्या. एकाच मीटरवर तिघांचे सत्तर-सत्तर युनिट म्हणजे 210, त्यातले 110 वरच्या दरात जातात. वेगळे मीटर झाले तर सगळे खालच्या दरात."

"आणि स्थिर आकार, दर मीटरला दरमहा लागणारा, तो तीनदा, त्याचं काय?" सरांनी बरोबर पकडलं.

"दोन जादा मीटरचे अडीचशेच्या आसपास. त्या 110 युनिटवर युनिटमागे पाचेक रुपये वाचतात, साडेपाचशे झाले. वर 16 टक्के वीज शुल्कही त्या प्रमाणात कमी. करा हिशेब."

मग पंख्यावर गाडी आली. दारिद्र्यरेषेखालच्या सवलतीच्या दराला वर्षाला 360 युनिटची मर्यादा, म्हणजे महिन्याला 30. जुना 75 वॅटचा पंखा दहा तास फिरला की महिन्याचे 22 युनिट एकट्याचे, दोन एलईडीचे तीन-चार. त्यात जुना फ्रिज आला की सवलत गेलीच. तीस वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा नऊ युनिटांत भागवतो. "एकदा बिल भरलंस तर महिना निघतो. पंखा दिलास तर वर्षानुवर्षं," भाऊ बाळ्याला म्हणाले. आणि त्याही आधी घरातला मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाहायचा. तरीही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनच्या मधल्या वायरीतून वीज जात असू शकते. गळती तरी असेल, नाहीतर शेजाऱ्याची जोडणी.

"मग फ्लेक्स नाहीच?" बाळ्या.

"लावा की," वहिनी म्हणाल्या, "त्यावर अर्जाचा नमुना छापा."

"शेजाऱ्याची जोडणी या बाळ्याला बरोबर कळेल," सरांना एकदम आठवलं. "गणपतीच्या मांडवाला रीतसर तात्पुरती जोडणी मिळत होती, तरी याने खांबावर आकडा टाकला. ऐन आरतीत अंधार!"

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला वीज कंपनीची गाडी आणायला?" बाळ्या पेटला. "तुम्हीच बोलावली होती!"

"मी नाही, शरदने!"

भाऊ हसत सुटले, इतके की वहिनींना त्यांच्या हातातला कप काढून घ्यावा लागला.