“चमचाभर दुधाने काय होतं?”

हा प्रश्न आज सकाळी पुन्हा ऐकला. या वेळी विचारणारी आजी नव्हती, क्लिनिकचे डेंटिस्टसाहेब होते! 4 वर्षांचं, 14 किलोचं पोर, 9 ची केस, पूर्ण भूल देऊन दोन दाढांची रूट कॅनॉल. साडेसहाला कपभर दूध, त्यात बुडवून दोन बिस्किटं. भूलतज्ज्ञ म्हणून मी केस पुढे ढकलली तर साहेबांचं तोंड वाकडं: “तुम्ही उगाच घाबरवता, दुसरे देतात की भूल.”

अहो, दूध म्हणजे पाणी नव्हे. पोटातल्या आम्लात ते फुटतं, गुठळ्या होतात आणि त्या जेवणासारख्याच सावकाश पुढे सरकतात. म्हणून दूध आणि भूल यांत 6 तास हवेत. आईच्या दुधाला 4, पाण्याला 2. भुलेत ठसका लागत नाही. पोटातलं वर आलं की सरळ श्वासनळीत. फुप्फुसात उतरलेलं दूध सक्शनने, म्हणजे ओढून घेणाऱ्या नळीने, परत निघत नाही, हे डॉक्टरला सांगायचं?

आणि हे दूध पोटात जातं ते क्लिनिकच्याच कृपेने. रिसेप्शनवरून फोन जातो, “रात्री बारानंतर काही देऊ नका.” पोर पहाटेपासून रडतं, घरच्यांचा जीव तुटतो, दूध दिलं जातं. 9 ची केस असेल तर 7 पर्यंत पाणी, साखरपाणी चालतं, एवढं सांगायला काय पैसे पडतात? पाण्यावाचून कोरड्या पडलेल्या पोराची सुईसाठी शीर मिळत नाही, ते वेगळंच.

मग सर्दी. “नाक वाहतंय, पण ताप नाही ना!” ताप नसला तरी श्वासमार्ग चिडलेला असतो. एअरोटरच्या (दात कोरायच्या यंत्राच्या) पाण्याचा एक थेंब स्वरयंत्रावर पडला की ते घट्ट मिटतं. मग मास्क दाबून 100 टक्के ऑक्सिजन, भूल वाढवायला प्रोपोफॉल, तरी सुटलं नाही तर स्नायू सैल करणारं स्कोलीन: शिरेतून किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम, शीर नसेल तर मांडीत 4. तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून आधी सिरिंजमध्ये भरून ठेवायचं. त्यावरही “एवढं कशाला काढून ठेवलंय?”

“जरा हलकी झोप द्या, श्वासनळीत ट्यूब नको” म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, तोंडात तुमचं पाणी, तुमचा कापूस, तुमचे हात. मग श्वासाची वाट राखायची कुणी आणि कशाने? ऑक्सिमीटरवर 98 दिसतंय म्हणून निर्धास्त राहता. श्वास थांबल्यावर तो आकडा उशिरा पडतो, कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) रेघ लगेच सपाट होते. आणि पोरांचा ऑक्सिजनचा साठाच छोटा, एकदा घसरला की झपाट्याने घसरतो. तरी कॅप्नोग्राफ म्हणजे यांना चैन वाटते.

लोकलचाही, म्हणजे दाढ बधिर करायच्या इंजेक्शनचाही, हिशेब नाही. 2 टक्के लिग्नोकेन म्हणजे मिलीला 20 मिलिग्रॅम. किलोला जास्तीत जास्त 4.4 मिलिग्रॅम धरलं तर 14 किलोला 61, म्हणजे 3 मिली. तिथे थांबायचं! इथे चारही बाजूंना टोचून मोकळे होतात, आणि पोराला फिट आली की संशय भुलेवर.

घशात ठेवलेला पॅक (कापडाची घडी) बाहेर आला, हे मोठ्याने बोलून फळ्यावर लिहा. वीज गेली की खुर्चीचं सक्शन बंद पडतं, पायाने चालणारं एक ठेवा. ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर भरलेला असताना 1500 लिटर. काटा पाव भागावर असेल तर मिनिटाला 10 लिटरने जेमतेम 37 मिनिटं. केस सुरू करण्याआधी काटा बघा. आणि सिलिंडर उघडायचा पान्हा ड्रॉवरमध्ये नको, सिलिंडरलाच साखळीने बांधून ठेवा.