याला राईड म्हणत नाहीत म्हणे!

आज सकाळी आमच्या सायकल ग्रुपवर एक फोटो टाकला. पवना नदीच्या काठी स्टँडवर उभी माझी सायकल, कॅरिअरला पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. खाली लिहिलं, ‘अकरा किलोमीटर, अडीच तास, मजा आली.’ दहा मिनिटांत एका चिरंजीवांचं उत्तर: ‘काकू, याला राईड म्हणत नाहीत.’ पुढे हसून लोळणारे तीन पिवळे चेहरे. त्यावर बाकीच्यांचे अंगठे.

पोळ्या लाटून झाल्यात, भाजी गॅसवर आहे, आणि मी लिहायला बसलेय. राग वगैरे नाही. बरं, आहे.

या ग्रुपचा रविवार पहाटे साडेचारला सुरू होतो. लोणावळ्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा, ऊन चढायच्या आत परत. आल्यावर प्रत्येकाच्या फोनचा तो नारिंगी रेघेचा नकाशा आणि एकच प्रश्न, ‘ॲव्हरेज किती पडला?’ म्हणजे सरासरी वेग. वाटेत काय दिसलं हे कुणी कुणाला विचारल्याचं आठवत नाही. मग ती बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला गाठायची सायकलफेरी, साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर. त्यानंतर तीनशे, चारशे, सहाशे. करा बाबांनो, कौतुक आहे. तुमच्या मांड्यांत जोर आहे, माझ्या नाही, हेही मान्य. पण सायकल चालवायची म्हणजे घड्याळाशीच भांडायचं, हे कुणी ठरवलं?

मार्गशीर्षात माझ्या थोरल्या वन्सं कराडहून आल्या होत्या. वय पासष्ट. त्यांनी शेवटची सायकल चालवली ती लग्नाआधी, भावाची, दांडीखालून पाय घालून, कैची. आमच्या पार्किंगमध्ये माझी सायकल दिसल्यावर म्हणाल्या, ‘बघू गं जरा.’ पदर कमरेला खोचला, दोन वेळा डुगडुगल्या आणि गेल्या की सरळ गेटपर्यंत! वॉचमन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीची सायकल मागून घेतली आणि आम्ही दोघी नदीवर निघालो. थेरगावचा बोट क्लब, केजुबाईचा बंधारा, मग पुलावरून पलीकडे चिंचवडगावात मोरया गोसावींचं दर्शन, आणि परत. नीट रस्ता सगळीकडे नाहीच. कुठे मातीची वाट, कुठे कुणाच्या तरी गोठ्यामागून, कुठे सरळ गल्लीतून. गाडीने पंधरा मिनिटांचं काम. आम्हाला जेवायची वेळ झाली.

बंधाऱ्यापाशी शेजारणीच्या सायकलची चेन पडली. मी मेकॅनिक शोधायला फोन काढला. वन्संनी तोवर काटकी उचलली होती. काटकीने चेन पुढच्या चक्राच्या खालच्या दातांवर अडकवली, पेडल हाताने उलटं फिरवलं, खट्. मग काळे झालेले हात कोरड्या मातीत चोळले, झाडले आणि म्हणाल्या, ‘चल.’ हे मी ग्रुपवर टाकलं असतं तर विचारलं असतं, पंक्चर किट का नव्हतं?

आता वाटेचं बोलू. सायकल ट्रॅक नावाची एक गोष्ट आपल्याकडे असते. लाल रंग, पांढरी सायकल काढलेली. त्यावर शहाळ्यांची गाडी, पुढे दुचाकींची रांग, पुढे विजेचा भलामोठा डबा आणि डब्यामागे ट्रॅक संपलेला. कसा संपला? कळत नाही. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या. मग त्या कधी नाल्यात, कधी झुडपात दिसायला लागल्या आणि नंतर दिसेनाशाच झाल्या. त्यात आपणही काही कमी नव्हतो, सीटा पळवणारे काही बाहेरगावाहून आले नव्हते.

आणि २०२६ च्या जानेवारीत काय झालं? पुणे ग्रँड टूर. चारशे सदतीस किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत, परदेशातले खेळाडू, रस्ते असे गुळगुळीत की हात फिरवून बघावेत. मीही कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या. काय ते पळतात! नजर वळवेपर्यंत गेलेसुद्धा. पण ताशी चाळीसने जाणाऱ्यांसाठी शहर काही महिन्यांत रस्ते करू शकतं, आणि ताशी आठने जाणाऱ्या बाईसाठी तो विजेचा डबा दोन हात सरकत नाही? होतं सगळं, मनात आणलं की होतं. आणत नाहीत.

बागांचं तर बोलायलाच नको. वन्संबरोबर परत येताना एका बागेपाशी थांबलो. आत मोठी झाडं, सावली, बाकडी. गेटवरचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, सायकल बाहेर.’ म्हटलं, चालवत नाही, हातात धरून नेते, त्या कोपऱ्यात लावते. ‘बाहेर.’ बाहेर सायकलला जागाच नाही, सगळी दुचाक्यांनी भरलेली. त्याचंही काही खोटं नाही म्हणा, पोरं आत शर्यती लावतात आणि फिरायला आलेल्या आजोबांच्या पायावर घालतात. पण मग गेटपाशी सायकली लावायला एक लोखंडी पाइप तरी ठोका! आम्ही फूटपाथच्या कडेवर बसलो आणि तिखटमीठ लावलेला पेरू खाल्ला. वन्सं म्हणाल्या, ‘आमच्या प्रीतिसंगमावर बरं बाई, नदीपाशी जाऊन बसता तरी येतं.’ मला एवढी लाज वाटली की काय सांगू. पाहुण्यांना आपल्या गावची बाग कंपाउंडच्या बाहेरून दाखवायची!

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला होते. (आता म्हणाल, आली परदेशाची टेप. ऐकून घ्या थोडं.) तिथे वाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक ठिकाणी खांबावर एक नंबर असतो. घरून निघताना कागदावर चार-पाच नंबर लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचं. कालव्याच्या कडेने, रानातून, गाईंच्या कुरणातून. फोन खिशातच. ही पद्धत मूळची शेजारच्या बेल्जियमची, लिंबर्ग प्रांतातली, १९९५ मध्ये सुरू झाली आणि ती सुचली ती एका खाण-अभियंत्याला. खाणीत वाटा कशा ओळखायच्या हे त्याला ठाऊक, तेच त्याने वर जमिनीवर आणलं. सत्तरीच्या बायका लिपस्टिक लावून, पुढच्या टोपलीत कुत्रं घेऊन जाताना पाहिल्या. कुणी त्यांना ॲव्हरेज विचारत नव्हतं. तिकडे सपाट जमीन आणि थंड हवा, इकडे चढ आणि ऊन, मान्य. पण नंबर रंगवायला काय डोंगर आडवा येतो? रावेत ते दापोडी, पवनेच्या काठाने दहा-बारा खांब. झालं.

नदी बघायची तर सायकलच्याच वेगाने. पायी फार लांब होत नाही आणि गाडीतून काच वर असते. मावळातून येणारी ही नदी रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत बरी असते, तिथूनच आपलं प्यायचं पाणी उचलतात. खाली आलं की काय होतं ते डोळ्यांआधी नाकाला कळतं. केजुबाईच्या बंधाऱ्यावर अधूनमधून पांढरा फेस तरंगतो. लांबून बघणाऱ्याला बर्फ वाटेल. आता जलपर्णी पसरायला लागलीय, थोड्या दिवसांत पाणी दिसणार नाही. आज सकाळी त्या हिरव्या गालिच्यावरून एक जांभळी पाणकोंबडी चालली होती, लाल चोच, लांबलचक लाल बोटं, एकेक पाऊल बघून टाकत. मागे दुसरी. मी पेडलवरचा पाय खाली टेकवला आणि उभी राहिले. अडीच तासांतला बराच वेळ तिथे गेला, चिरंजीव. लिहून ठेवा तुमच्या ॲपमध्ये.

वन्संना तिथेच खंड्या दिसला होता. त्यांनी मला गप्प केलं, दंडाला धरून. मी आपली सोसायटीच्या पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होते.

आणि हे सुद्धा किती दिवस? मुळा-मुठेच्या काठी संगमवाडी ते बंडगार्डन काय केलंय ते जाऊन बघा. दगडी बांध, पायऱ्या, फरशा. २०२३ च्या एप्रिलमध्ये नदीकाठची झाडं वाचवायला पुण्यात माणसं रस्त्यावर उतरली होती, आठवतंय ना? तिथे सायकलला जागा ठेवलीय, तेही सपाट, हे मी नाकारत नाही. पण दुपारी बारा वाजता त्या फरशीवरून सायकल चालवून दाखवा! करंजाची सावली तोडायची आणि मग छत्रीवजा शेड उभी करायची, याला म्हणे सुशोभीकरण. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरतं. नदीला तिची जागा लागते, हे चिंचवडकरांना वेगळं सांगावं लागत नाही. पवनेलाही असं नटवायचं घाटत असेल तर आधी तिच्यात पडणारी गटारं बंद करा. मातीची वाट आहे तशी ठेवा. फक्त झाडं लावा आणि मोटारसायकली आत येऊ देऊ नका. आमचं एवढंच मागणं आहे, त्यात कंत्राट फारसं निघत नाही, ही अडचण मला समजते.

भाजी करपली. चालू द्या.

लिहिता लिहिता राग उतरलाय बहुतेक. त्या मुलावर तर नाहीच. पोरगं मेहनती आहे, गेल्या वर्षी पंढरपूरला सायकलवारी करून आलं, माझ्यासाठी बुक्का घेऊन आलं होतं. पण ‘राईड म्हणत नाहीत’ हे वाचून ग्रुपमधल्या आणखी चार-पाच जणी उद्यापासून फोटो टाकणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. त्यातल्या एकीने मला लगेच खासगीत लिहिलं, ‘बरं झालं मी कालचा टाकला नाही.’ तिने काल कामावरून येताना पहिल्यांदाच पुलावरून सायकल आणली होती. पूल! संध्याकाळी सहाला! वन्संनी सुद्धा त्या पुलावर उतरून ढकलत नेली होती.

तर ज्यांना यायचं त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता थेरगावच्या बोट क्लबपाशी या. साडी, सलवार, लायक्रा, काहीही चालेल. गिअर नसले तरी चालेल, ब्रेक हवेत. कुणी मागे राहिलं तर सगळे थांबतील. पाण्याची बाटली आणा आणि हवा घरूनच भरून या, तिथला पंक्चरवाला नऊच्या आधी दुकान उघडत नाही.