टॉकीजात पोरगी चक्कर येऊन पडली म्हणजे तिला भूत लागलं नाही

आमच्या तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे. आधी बचत गटाच्या ग्रुपवर आला, मग भजनी मंडळाच्या, मग शाळेच्या पालकांच्या, आणि काल रात्री माझ्या सख्ख्या मावशीनं मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "बाई, आपल्या पोरीचं हेच झालं वाटते." आता गप्प बसणं होत नाही.

मेसेज थोडक्यात असा. टॉकीजला लागलेल्या नव्या भुताच्या पिक्चरमध्ये खरे मंत्र म्हटले आहेत, ते कानावर पडले की बाहेरचं अंगात शिरते. यवतमाळ जिल्ह्यात एक पोरगी शो चालू असतानाच "धरली गेली". मोकळ्या केसांच्या आणि पाळीतल्या पोरींना लवकर धरते. तामिळनाडूत एक माणूस असाच मेला आणि त्याचं प्रेतही गायब झालं. पुरावा म्हणून हॉलमध्ये किंचाळणाऱ्या लोकांचा व्हिडिओ जोडलेला. लहान पोरांना नेऊ नका, अशीही एक ओळ मधात आहे. आणि शेवटी मोठ्या अक्षरात, असं झालं तर डॉक्टरकडे नेऊ नका, सुई टोचली की बाधा पक्की बसते, अमावस्येच्या आत जाणत्याकडून उतरवून घ्या.

ती यवतमाळ जिल्ह्यातली पोरगी म्हणजे माझी मावसबहीण. बारावीत आहे. मी तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसली होती, त्यामुळे काय झालं ते मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

त्या दिवशी तिला एकादशीचा उपास होता. सकाळी एक कप चहा, बस. गावावरून एसटीत उभ्यानं आली, दुपारचं ऊन, हॉल खचाखच भरलेला, कूलर एकाच बाजूचा चालू. मध्यंतराच्या थोडं आधी तो विहिरीचा सीन आला, एकदम चिडीचूप आणि मग कान फाटतील असा आवाज, अख्खा हॉल दचकला, मी पण दचकली. तिनं माझा हात धरला, हात थंडगार आणि घामानं ओला. म्हणे, "ताई, मले कसंतरी होऊन रायलं, बाहेर चाल." आणि उठून उभी राहिली तशी दोन खुर्च्यांच्या मधात कोसळली. चेहरा पांढराफटक, डोळे वर गेलेले, हात दोन-तीनदा झटकले. मागून कोणीतरी ओरडलं, "धरलं रे, धरलं पोरीले!" झालं, तिथंच बातमी तयार झाली.

यात जे जे "भूत लागल्याचं लक्षण" म्हणून सांगून राहिले ते सगळं साध्या चक्करेचं लक्षण आहे. जोरात भीती वाटली, रक्त पाहिलं, खूप वेळ गर्मीत उभं राहिलं, उपाशी असलं की काही जणांच्या शरीरात उलटी क्रिया होते, हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचते, मेंदूला काही सेकंद पुरत नाही आणि माणूस पडते. डॉक्टर याला व्हेसोव्हेगल सिंकोपी म्हणतात. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उन्हात पोरं पडतात ना, तेच हे. आणि ते हात झटकणं, डोळे फिरणं, ज्यावर सगळा गाव बोलून राहिला आहे, ते अशा चक्करेत पुष्कळदा होते, कारण मेंदूला तेवढा वेळ रक्त कमी पडलेलं असते. आडवं झोपवलं की रक्त परत डोक्याकडे जाते आणि माणूस शुद्धीवर येते.

पण हॉलमध्ये काय केलं लोकांनी? तिला बगलेत धरून उचललं आणि खुर्चीवर सरळ बसवलं. म्हणजे जे करायचं नाही नेमकं तेच. बसवल्यावर मान पुन्हा लटकली, हात पुन्हा झटकले, आणि लोकं म्हणे पाहा, सोडून नाही राहिलं. एकानं नाकाला चप्पल लावली. एक बाई बेशुद्ध पोरीच्या तोंडात पाणी ओतायला निघाली, ते पाणी श्वासनळीत गेलं असतं तर खरंच जिवावर बेतलं असतं. मी भांडून तिला खाली फरशीवर आडवं केलं, पाय माझ्या मांडीवर उंच धरले, ओढणी सैल केली. मिनिटभरात डोळे उघडले तिनं. अन् पहिलं वाक्य, "ताई, पाणी दे." कोणतंही भूत एक मिनिट पाय वर धरल्यानं जात नाही मंडळी. चक्कर जाते.

आता त्या मेसेजातली सगळ्यात वाईट ओळ. डॉक्टरकडे नेऊ नका. मला या ओळीचा इतका राग आला की मी रात्री झोपली नाही. बाकीचं सगळं खोटं एकवेळ सहन करता येईल, पण ही ओळ माणूस मारू शकते. कारण प्रत्येक वेळी साधीच चक्कर असेल असं नाही. मिरगी असू शकते, साखर कमी झालेली असू शकते, हृदयाच्या ठोक्यांचा आजार असू शकतो, आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, आहे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून आपल्या इथपर्यंत, आणि रक्त कमी असणं तर घरोघरी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं, आणि आपला महाराष्ट्रही निम्म्याच्या वरच आहे. पाळीतल्या पोरीला लवकर चक्कर येते याचं उत्तर इथं आहे, रक्त आधीच कमी, त्यात पाळी, त्यात उपास. अशा पोरीला लोहाच्या गोळ्या पाहिजे, तपासणी पाहिजे. अन् हे सांगून राहिले अमावस्या गाठा.

आणि तो "जाणता" काय करते ते आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही. मिरचीची धुरी देते, केस धरून घुमवते, झाडूनं मारते, पोरगी ओरडली की म्हणते पाहा ते बोलून राहिलं. हे आता नुसतं वाईट नाही, गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर सरकारनं वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणा विरोधी कायदा विधिमंडळात पास झाला. त्या कायद्याला एक अनुसूची जोडली आहे, म्हणजे कोणत्या गोष्टी गुन्हा आहेत त्याची यादी. तिच्यातली पहिलीच नोंद वाचा. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरानं-साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, चप्पल भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं. जसं काही आपल्याच शिवारात उभं राहून लिहिलं आहे. पुढं आणखी एक नोंद आहे, भुताची भीती घालून लोकांमध्ये घबराट पसरवणं आणि माणसाला दवाखान्याच्या उपचारापासून अडवणं, हेही त्यातच. शिक्षा कमीत कमी 6 महिने, जास्तीत जास्त 7 वर्षं, वर 5 हजार ते 50 हजार दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. करणाऱ्यापुरतंच हे नाही, त्याला मदत करणारा आणि असल्या गोष्टींचा प्रचार करणाराही कायद्याच्या कक्षेत येते. जे काका-भाऊ हा मेसेज दिवसातून चार ग्रुपवर टाकून राहिले त्यांनी हे नीट वाचावं.

बाकीच्या मुद्द्यांना जास्त वेळ द्यावा असं त्यात काही नाही, तरी सांगते.

खरे मंत्र. तीनशे-साडेतीनशे लोकं त्याच हॉलमध्ये तेच मंत्र ऐकत होते. पडली एक, आणि ती उपाशी होती. पिक्चरमध्ये भीती मंत्रानं नाही तयार होत, आवाजानं होते. आधी मुद्दाम सगळं शांत ठेवतात, तुम्ही कान देऊन ऐकायला लागता, आणि मग एकदम धाडकन. विचार करायच्या आत शरीर दचकते, छाती धडधडते, तळहाताला घाम येते. ज्याचा भुतावर काडीचा विश्वास नाही तोही दचकते.

किंचाळणाऱ्या लोकांचा व्हिडिओ. अहो, तो जाहिरातीचा धंदा आहे आणि फार जुना आहे. अमेरिकेत 1958 ला एका निर्मात्यानं पिक्चर पाहताना भीतीनं मेलात तर एक हजार डॉलर, असा विमाच प्रत्येक प्रेक्षकाच्या नावानं काढला होता. 2009 मध्ये एका पिक्चरच्या ट्रेलरमध्ये पिक्चर कमी आणि अंधारात किंचाळणारे प्रेक्षकच जास्त दाखवले. आपल्याकडे 2008 मध्ये एका हिंदी भुताच्या पिक्चरवाल्यांनी जाहीर केलं होतं की टॉकीजात एकट्यानं बसून पूर्ण पाहून दाखवा आणि 5 लाख घेऊन जा. लोकं जितके घाबरतात तितकी तिकिटं खपतात, आणि आपण ते व्हिडिओ फुकटात पसरवून राहिलो.

तामिळनाडूचा माणूस. हे पूर्ण खोटं नाही, एवढं मान्य करते. जून 2016 मध्ये तिरुवन्नामलाईच्या टॉकीजात 'द कॉन्ज्युरिंग 2' पाहताना एक 65 वर्षांचे गृहस्थ गेले अशी बातमी पेपरात आली होती, आणि प्रेत शवविच्छेदनाला नेताना सोबतच्या माणसासकट दिसेनासं झालं असंही त्यात होतं. पण त्याच बातमीत हेही होतं की त्यांनी आधी छातीत दुखते म्हणून सांगितलं होतं. छातीत दुखलं. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं तेवढंच वाक्य गाळलं. ज्याला हृदयाचा त्रास आहे त्यानं असले पिक्चर पाहू नये, हे मीही म्हणते.

लहान पोरांची ओळही बरोबर आहे, कारण मात्र भूत नाही. पोरांना पडद्यावरचं आणि खरं वेगळं करता येत नाही, ते रात्री उठून रडतात, अंथरुणात लघवी करतात. म्हणून तर सेन्सॉरवाले वय लिहून देतात, ए म्हणजे 18 च्या वरचे, आणि आता यूए मध्येही, म्हणजे आईबापांच्या देखरेखीत पाहायच्या पिक्चरमध्येही, 7, 13, 16 असे टप्पे केले आहेत. आपल्या इथं तिकीट खिडकीवर ते कोणी पाहत नाही, पाहायला पाहिजे. आणि ज्यांना मिरगी आहे त्यांना लपलपणाऱ्या उजेडाचा खरा धोका असू शकते. जपानमध्ये डिसेंबर 1997 ला टीव्हीवर पोकेमॉनचा एक भाग लागला, त्यात लाल-निळा उजेड भराभर चमकला, आणि 685 जणांना, बहुतेक पोरांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. कार्टून होतं ते. भुताचा पत्ता नव्हता त्यात.

मावशीची खरी काळजी वेगळी आहे, ती मला फोनवर म्हणाली, "ते सारं ठीक आहे, पण पोरगी रात्री दचकून उठते, एकटी मोरीत जात नाही, मंग ते काय होय?" मावशी, ते भीती आहे आणि तिलाही इलाज आहे. 'द एक्सॉर्सिस्ट' नावाचा पिक्चर 1973 मध्ये आला तेव्हा अमेरिकेत लोकं हॉलमध्ये बेशुद्ध पडले, ओकले, चर्चकडे धावले. 1975 मध्ये बोझुटो नावाच्या डॉक्टरनं अशा चार जणांवर एका वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. झोप उडालेली, घाबरलेले, पिक्चर डोळ्यासमोरून जात नाही. चौघांपैकी एकही वेडा नव्हता. मनात आधीचा काही ताण होता, पिक्चरनं तो वर काढला. डॉक्टरांसोबत थोड्याच बैठकांत बोलून ते सावरले. आपल्या पोरीच्या डोक्यावर बारावी आहे, घरात तिच्या लग्नाच्या गोष्टी चालू आहेत, आणि वरून सारा गाव तिच्याकडे बोट दाखवून राहिला आहे. काल किराणा दुकानात एका बाईनं तिला पाहून आपलं लेकरू मागे ओढलं. झोप कशी लागेल तिला?

मनाच्या त्रासावर बोलायला सरकारची टेली-मानस म्हणून फुकट फोन लाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात. मी तिचं बोलणं करून दिलं आहे. सोमवारी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणते, सिकलसेलची तपासणीही सांगते. मावशी हो म्हणाली आहे, काका अजून अमावस्येचंच बोलून राहिले. काका, हे तुम्ही वाचालच म्हणून लिहिते, पोरीला त्या माणसाच्या अंगणात नेलं तर मी पोलीस ठाण्यात जाईन, नातं पाहणार नाही. आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर तो काढून टाकावा आणि पोरगी बरी आहे एवढं लिहावं.