जास्वंद तोडू नका, तो मेसेज खोटा आहे

काल आईचा मालवणातून फोन, खळ्यातली जास्वंद तोडायला उद्या गड्याला बोलावलंय म्हणाली. का, तर ग्रुपवर आलंय की जास्वंदीच्या परागाला काटे असतात आणि ते श्वासातून जाऊन फुप्फुसात रुततात. रोज देवाला जिचं फूल जातं ती जास्वंद! तोच मेसेज मला आणखी चौघांनी पाठवला, म्हणून इथेच लिहितो.

काटे असतात, खरंय. पण जरा फूल हातात घेऊन बघा ना, मधल्या दांड्यावरचे पिवळे दाणे बोटाला चिकटतात, साध्या भिंगातूनही एकेक वेगळा दिसतो. एक दाणा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, कधी मोठाच. फुप्फुसात खोलवर जायला कण याच्या दहाव्या हिश्शाहून बारीक लागतो. आणि हा जड, चिकट पराग वाऱ्यावर उडत नाहीच, शिंजीर किंवा फुलपाखरू आलं की त्याच्या अंगाला लागून जातो. रुतणार कसा, कोणी सांगेल का?

परागाची अ‍ॅलर्जी असते, मान्य. पण ती जास्त करून वाऱ्यावर उडणाऱ्या परागाची, जसं गवताचा. आणि गवताचा दाणा गोल, एका भोकाचा, त्याला काटा एकही नाही!

मेसेजात पुढे म्हणे सगळे पराग सारखेच, त्यावरून झाडांचे गट पाडणं थोतांड. अहो, परागाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या चिवट पदार्थाचं, लाखो वर्षं चिखलात राहूनही कुजत नाही, आणि त्यावरच्या चिरा गटागटाला वेगळ्या. माडाच्या परागाला एकच लांब चीर, आंब्याच्या परागाला तीन. आता सोनचाफा घ्या. बी द्विदल, पानाला जाळीदार शिरा, शाळेत आपण त्याला आंब्याच्याच रांगेत बसवलं, पण पराग बघाल तर माडासारखा एका चिरेचा. जायफळ, मिरीवेल त्याच्याच गोतावळ्यातले.

डीएनए आल्यावर पराग बघणं बाद झालं, हेही त्यात आहे. 1998 साली एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने मुख्यतः डीएनएवरून सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी केली, तेव्हा तीन चिरांवाली झाडं एका कुळीत आली आणि सोनचाफा, जायफळ तिच्या बाहेर राहिले. म्हणजे पराग जे सांगत होता तेच डीएनएने सांगितलं. नुसत्या परागावरून प्रत्येक जात ओळखता येत नाही, गवतांमध्ये तर नाहीच, एवढं कबूल.

आई, गड्याला नको म्हणून सांग. शनिवारी येतोय, भिंग घेऊन येतो.