पडद्यामागच्या अनुवादकांविषयी

ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या कहाण्या अनेक भाषांत मांडणाऱ्या संकेतस्थळाच्या हवामानबदल लेखमालेमागील माणसांची ओळख करून देणारा लेख वाचला; त्याबद्दल लेखकाचे मनःपूर्वक आभार. पत्रकार आणि छायाचित्रकारांचे श्रेय निर्विवाद आहे, मात्र अनुवादकांची बोळवण लेखात एका ओळीत झाली, याची खंत वाटते. मन्नारच्या आखातात बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून, खडकांवरचे समुद्रशेवाळ काढण्यासाठी पुन्हा पुन्हा बुडी मारणाऱ्या तमिळ कोळी स्त्रियांचे म्हणणे वर्सोव्याच्या खाडीत मासळी घटल्याचे रोज अनुभवणाऱ्या कोळिणीला मराठीत वाचता येते किंवा कुणाकडून वाचून घेता येते, ते या अनुवादक मंडळींमुळेच. लातूरच्या गारपिटीवरील वृत्तांतात शेतकरी आपल्या अनुभवातून ऋतूंचा बिघडलेला क्रम सांगतो. त्याच्या शब्दांना ‘तापमानवाढी’च्या पुस्तकी चौकटीत न कोंबता, तरीही शास्त्रज्ञांच्या निरीक्षणांशेजारी मानाने बसवणे, हे संपादनातील सर्वांत अवघड काम असावे, असे मला वाटते. पुढील लेखात निदान एका अनुवादकाची सविस्तर मुलाखत घ्यावी, आणि ज्यांनी आपली कहाणी सांगितली त्या गावकऱ्यांपर्यंत छापील प्रती पोहोचतात का, हेही त्या अनुवादकाला आवर्जून विचारावे, अशी विनंती आहे.